टेपसोबत निघालेला प्रायमर : दुधाच्या एका पिकअपचं प्रकरण

मास्किंग टेप ओढली आणि टेपसोबत तळहाताएवढा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, निघून आला. फाटला नाही, तुटला नाही. कॅलेंडरचं पान उलटावं तसा पत्र्यावरून अलगद उचलला गेला आणि खाली पत्रा लख्ख. या गाडीला प्रायमर मारायची ती दुसरी खेप होती. पहिल्या खेपेलाही तो असाच सुटला होता. आम्ही सगळा घासून काढला आणि कारण न शोधता पुन्हा तसाच मारला. दोन दिवस आणि दोन डब्यांचं नुकसान झालं ते या घाईमुळे, म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून लिहून काढतोय.

लातूरला औसा रोडच्या बाजूला माझं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. गाडी निलंगा भागातल्या एका दूधवाल्यांची. पहाटे चार-पाच गावांतून कॅना गोळा करायच्या आणि शहरात आणायच्या, हे तिचं रोजचं काम. एका अरुंद रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीनं तिला डावीकडून घासलं. डावं दार आणि फेंडर चेपले, हौद्याची डावी बाजू फाटली. हौद्याची बाजू आणि मागचा फाळका मालकांनी बॉडीवाल्याकडून नवा पत्रा घालून बनवून आणला. दार-फेंडर आमच्याकडे ठोकून सरळ केले, त्यावर पुट्टी भरली. बॉनेटला नुसते ओरखडे होते, तिथं जुन्याच रंगावर काम करायचं होतं. सगळ्यावर एकच टू-के, म्हणजे हार्डनर कालवून घट्ट होणारा, प्रायमर सरफेसर मारायचा आणि वर पांढरा रंग द्यायचा, एवढं साधं काम. मे महिना होता, दुपारी पारा ४२ च्या आसपास.

पहिल्या खेपेला पोरगा ४०० नंबरच्या पेपरनं प्रायमर घासत होता, तेव्हा दाराच्या खालच्या कडेला पापुद्रा उठला. मी म्हटलं, ऊन जास्त झालं असेल. घासून काढून सकाळच्या वेळी पुन्हा मारला. दुसऱ्या खेपेला वर सांगितलं तसं टेपनंच दाखवून दिलं. त्याच वेळी मालक आले.

“मिस्त्री, दूध चार दिस झालं भाड्याच्या गाडीनं आणायलो बगा. आता नक्की कवा देताव?”

“मालक, अजून चार दिवस द्या. पण आता कारण सापडल्याशिवाय मी फवाऱ्याची गन हातात धरणार नाही.”

“प्रायमरच बोगस असंल. दुकानदाराला फोन लावा की.”

प्रायमर सुटला की सगळ्यांच्या तोंडी पहिलं हेच येतं. माल खराब निघतो, नाही असं नाही. पण दुकानदाराशी भांडायच्या आधी एक गोष्ट बघायची असते : कुठं सुटला, आणि कुठं नाही सुटला. मी खडू घेतला आणि गाडीभोवती फिरलो. नखानं, मग ब्लेडनं, प्रत्येक भाग उचकून बघितला आणि जिथं सुटला तिथं खडूनं रेघ मारली. हौद्याची डावी बाजू आणि फाळका पूर्ण गेलेले. दाराचा खालचा अर्धा भाग गेलेला, वरचा बऱ्यापैकी धरून होता. फेंडरच्या वर, उन्हाच्या बाजूला, प्रायमर खरखरीत होता आणि बोट फिरवलं की पिठासारखा हाताला लागत होता. बॉनेटवर मात्र ब्लेडनं खरवडूनही हलेना. आणि दारावरच्या पुट्टीवरही तो घट्ट होता.

एका डब्यातला, एकाच वेळी कालवलेला, एकाच गननं मारलेला माल. तो पुट्टीवर आणि बॉनेटवर धरतो आणि पत्र्यावर धरत नाही, म्हणजे मालाचं आणि हार्डनरच्या प्रमाणाचं फारसं चुकलेलं नव्हतं. प्रमाण चुकलं असतं तर तो सगळीकडेच मऊ राहिला असता, नख रुतलं असतं. तरी हार्डनरची बाटली उजेडात धरून बघितली. टू-के मालाच्या हार्डनरला हवेतली ओल चालत नाही. झाकण सैल राहिलं की तो गढूळ होतो, पुढं घट्ट होऊन जेलीसारखा बसतो. आमचा पाण्यासारखा स्वच्छ होता. दुकानदाराला फोन लावायची वेळच आली नाही.

अंदाजानं बोलण्यापेक्षा मोजून बघावं म्हणून ब्लेडची चाचणी केली. नव्या ब्लेडनं दोन-दोन मिलिमीटर अंतरावर सहा उभ्या आणि सहा आडव्या चिरा पत्र्यापर्यंत मारायच्या. २५ छोटे चौकोन होतात. त्यावर चांगली चिकटपट्टी दाबून बसवायची आणि सरळ झटक्यात ओढायची. बॉनेटवर आणि पुट्टीवर एकही चौकोन निघाला नाही. हौद्यावर सगळेच्या सगळे पट्टीला चिकटून आले. दाराच्या वरच्या भागात कडेचे थोडे निघाले, खालच्या भागात निम्म्याहून जास्त. प्रायमर रात्रभर वाळल्याशिवाय ही चाचणी करू नये, ओल्यावर ती काहीच सांगत नाही.

पापुद्र्याची उलटी बाजू

आमच्या धंद्यात पोपडा निघाला की तो झटकून टाकायची सवय आहे. माझीही होती. खरं तर तोच पोपडा हातात घेऊन उलटा करून बघायचा. त्या दिवशी तीन ठिकाणचे तीन पापुद्रे मी पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवले.

हौद्यावरचा पापुद्रा मागून काचेसारखा गुळगुळीत होता, उजेडात धरला की चमकायचा. घासल्याच्या रेघांचा ठसासुद्धा त्यावर नीट उमटला नव्हता. प्रायमरनं पत्र्याला धरलंच नव्हतं, तो नुसता वर पसरून वाळला होता. दारावरचा पापुद्रा वेगळा : मागं घासल्याच्या रेघा स्पष्ट उमटलेल्या, पण त्यावर फिकट डाग, आणि बोट फिरवलं की किंचित बुळबुळीत. फेंडरवरचा तर पापुद्राच म्हणता येत नव्हता, चुरा होता. खाली पत्र्यावरही चुरा, टेपवरही चुरा. तिथं पकड सुटली नव्हती, प्रायमर आतूनच कच्चा होता.

म्हणजे मी ज्याला एक दुखणं समजत होतो ती तीन होती. दोनदा सगळीकडे एकच उपाय केला म्हणून तो लागू पडला नाही.

फेंडरचं कारण लगेच कळलं. पहिली खेप आणि दुसऱ्या खेपेचा शेवटचा हात मी दुपारी मारला होता. पत्र्यावर हात ठेववत नव्हता आणि थिनर नेहमीचा फास्ट, लवकर उडणारा. गनमधून निघालेला फवारा पत्र्यापर्यंत पोचेस्तोवर निम्मा वाळतो. पत्र्यावर पडतात ते ओले थेंब नसतात, कोरडे कण असतात. ते एकमेकांत मुरत नाहीत आणि पत्र्यालाही धरत नाहीत. त्यात गन लांब धरली की आणखी बिघडतं. आपल्याकडे मार्चपासून जूनपर्यंत हे रोजचं आहे, त्यामुळे उन्हाळ्यात सावकाश वाळणारा थिनर वापरणं आणि सकाळी नऊच्या आत फवारा संपवणं याला दुसरा इलाज नाही.

मोरचूद

हौद्याकडे वळलो. मी मालकांना विचारलं, “बॉडीवाल्यानं पत्रा कुठला घातला?”

“चांगला घाला म्हणलो होतो. दुधाचं पाणी सांडतंय, साधा पत्रा दोन वर्सात सडतो. त्यानं काय घातला ते मला काय म्हाईत.”

इथंच मनात पाल चुकचुकली. दुधाच्या गाडीला सडू नये म्हणून बॉडीवाला काय घालील? जस्ती पत्रा. पण जस्ती पत्र्यावर जस्ताच्या स्फटिकांची जी फुलं दिसतात ती इथं दिसत नव्हती. हल्लीच्या पत्र्यावर फुलं इतकी बारीक असतात की दिसतही नाहीत, आणि आम्ही तर वरून घासलेलं. चुंबक लावून उपयोग नव्हता, कारण जस्ताच्या थराखाली लोखंडच असतं आणि चुंबक दोन्हीला सारखाच चिकटतो. चुंबकानं फार तर ॲल्युमिनियमसारखा न चिकटणारा पत्रा ओळखता येतो.

मग मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, आठवला. आमच्या घरी द्राक्षाची बाग होती तेव्हा बोर्डोच्या फवारणीसाठी मोरचूद आणि चुना कायम असायचा. शेजारच्या कृषी सेवा केंद्रातून छोटी पुडी आणली. प्लॅस्टिकच्या कपात थोड्या पाण्यात चिमूटभर विरघळवला, निळंशार पाणी झालं. हौद्याच्या एका कोपऱ्यावर नाण्याएवढी जागा चकचकीत घासली आणि कापसानं एक थेंब लावला. थेंबाखाली पत्रा बघता बघता काळा पडला. मग दाराच्या उघड्या पत्र्यावर तसाच थेंब लावला, तिथं तांब्याच्या भांड्यासारखा लालसर रंग चढला. जस्तावर काळा, लोखंडावर तांबडा. गॅरेजमधली चारही पोरं आणि मालक वाकून बघत होते. थेंबाची जागा लगेच भरपूर पाण्यानं धुऊन घासून टाकली, कारण तांब्याचा अंश पत्र्यावर राहिला तर तिथूनच गंज धरतो.

जस्ती पत्रा कारखान्यातून येतो तेव्हा त्यावर पांढरा गंज धरू नये म्हणून तेलाचा हात किंवा रासायनिक थर दिलेला असतो. तो नुसत्या फडक्यानं जात नाही. शिवाय जस्त मऊ आणि गुळगुळीत, आणि आमचा सरफेसर हा भरून घ्यायचा, घासायचा प्रायमर. उघड्या धातूला धरण्यासाठी तो बनवलेलाच नाही. साध्या लोखंडावर तो कसाबसा धरून राहतो, म्हणून इतकी वर्षं आमचं निभावलं. जस्तावर निभावलं नाही.

मालक म्हणाले, “मग रेड ऑक्साइड मारा की. आमच्या गेटाला तेच मारलंय, धा वर्सं झाली.”

गेट साध्या लोखंडाचं. ही सूचना मी अनेकांकडून ऐकलीय आणि काही बॉडीवाले तसं करतातही, म्हणून इथं थोडं थांबून सांगतो. बाजारातला साधा रेड ऑक्साइड तेलाच्या जातीचा, म्हणजे अल्किड असतो. जस्तावर तो मारला तर पहिले काही महिने छान दिसतो. पण ओल आली की जस्ताची आणि त्यातल्या तेलाची क्रिया होते, आणि पत्रा व रंग यांच्या मधोमध साबणासारखा थर तयार होतो. आपण चरबी आणि खार एकत्र करून साबण करतो, त्याच जातीची ही क्रिया. मग एक पावसाळा जातो आणि रंग चादरीसारखा उतरतो. रोज धुतल्या जाणाऱ्या दुधाच्या गाडीवर तर ओल बाराही महिने. जस्तावर चालतो तो दोन भाग कालवून मारायचा टू-पॅक इपॉक्सी प्रायमर. ॲसिडनं पत्रा किंचित खाऊन धरणारा एच प्रायमरही जस्तासाठी मिळतो, पण त्याच्यावर थेट पुट्टी भरायची नसते, ॲसिडमुळे पुट्टी नीट पिकत नाही. मला पुढं दारावर पुट्टी लागणार होती आणि दोन माल सांभाळायचे नव्हते, म्हणून सगळीकडे इपॉक्सीच ठरवला.

बादली

राहिलं दार. साधं लोखंड, ८० आणि १८० नंबरनं घासलेलं, सकाळी फवारलेलं. तरी खालचा अर्धा भाग सुटला. आधी कॉम्प्रेसरवर संशय घेतला. टाकीखालचा नळ सोडून साचलेलं पाणी काढलं आणि गनच्या नळीतून मिनिटभर नुसती हवा पांढऱ्या कागदावर मारली. तेलाचा ठिपका नाही, पाण्याचा नाही. कॉम्प्रेसर संशयातून सुटला.

मग पोराला म्हटलं, परवा जे जे केलंस ते तसंच करून दाखव, एकही गोष्ट सोडू नको. त्यानं बादली घेतली, वॉटर पेपर बुडवला, पुट्टी घासली, फडकं पिळून दार पुसलं. पुसताना वरून खाली. मी विचारलं, “बादलीतलं पाणी कधीचं?” तो म्हणाला, “सकाळचंच की, उस्ताद.”

पाणी जपून वापरणं ही लातूरकरांच्या अंगात मुरलेली गोष्ट आहे. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं या शहराला. त्या वर्षापासून माझ्याही गॅरेजात एक बादली दिवसभर चालते, आणि ती मीच लावलेली शिस्त आहे. पोराचा काही दोष नव्हता. पण त्या दिवशी सकाळी त्याच बादलीत, त्याच फडक्यानं, त्यानं आधी हौद्याची फळी पुसली होती, जिथं वर्षानुवर्षं दूध सांडून मुरलेलं. बादलीच्या आतल्या कडेला मी बोट फिरवलं. राखाडी, गुळगुळीत साय लागली बोटाला. दुधाची चरबी. पुसताना ती दारावर पसरली आणि पाणी ओघळून खाली साचलं, तिथं सगळ्यात जास्त. त्यात बोअरचं पाणी जड, वाळलं की मागं पांढरे क्षार ठेवणारं. पापुद्र्यामागचे फिकट डाग ते.

खात्री करायला दाराचा खालचा भाग पत्र्यापर्यंत कोरडा घासला, मुद्दाम त्याच बादलीच्या फडक्यानं पुसला, आणि टेपनं चार चौकट्या आखल्या. एक तशीच ठेवली. दुसरी रॉकेलच्या फडक्यानं पुसली, कारण अजून पुष्कळ जण तसंच करतात. तिसरी डीग्रीझरनं, म्हणजे तेल-चरबी काढणाऱ्या द्रावणानं. चौथी भांड्याच्या साबणानं आणि जारच्या स्वच्छ पाण्यानं धुतली, वाळवली, मग डीग्रीझर. चारींवर सारखाच प्रायमर मारला आणि रात्रभर ठेवला. सकाळी ब्लेड आणि चिकटपट्टी. पहिली गेली. रॉकेलची तर पहिलीपेक्षाही वाईट गेली, कारण रॉकेल वाळल्यावर स्वतःचाच तेलकट थर मागं ठेवतं. तिसरीचे कडेचे दोन-तीन चौकोन निघाले. चौथीचा एकही नाही.

तिसरी आणि चौथी यांच्यातल्या फरकाला मी फार महत्त्व देतो. डीग्रीझर तेल काढतो, पण क्षार पाण्यातच विरघळतात, त्याला धुण्याशिवाय पर्याय नाही. आणि डीग्रीझर वापरायचीही रीत आहे. एका फडक्यानं ओला लावायचा आणि तो उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्यानं उचलून घ्यायचा. मेच्या उन्हात तो क्षणात उडतो आणि चरबी होती तिथंच राहते, म्हणून एका वेळी हातभर जागाच घ्यायची. थिनरनं पुसणाऱ्यांचं हेच होतं : चरबी निघत नाही, नुसती सारवली जाते. पुसून झाल्यावर वरून स्वच्छ पाणी ओतून बघावं. पाण्याचा सलग पडदा राहिला तर पत्रा स्वच्छ, थेंब-थेंब होऊन फुटलं तर पुन्हा पुसा. साबण नीट निघाला नसेल तर ही परीक्षा फसवते, कारण साबणामुळे चरबीवरही पाणी पसरतं.

पुट्टीवर प्रायमर घट्ट होता हे वर लिहिलंय, पण ते चांगलं लक्षण नव्हतं. पुट्टी स्पंजासारखी असते, म्हणून तिनं धरून ठेवला. त्याच कारणानं तिनं बादलीतलं पाणीही पिऊन घेतलं होतं. ते पाणी पुढं रंगाखाली फोड आणतं. पुट्टी पाणी लावून घासायची सवय आमच्या पिढीला उस्तादांकडून लागलेली. मी ती त्या दिवसापासून बंद केली. पुट्टी आणि उघडा पत्रा दोन्ही कोरडेच घासायचे. धूळ होते, तोंडाला मास्क लावायचा.

तिसरी खेप

हौद्यावरचा प्रायमर काढायला कष्ट पडले नाहीत, पुट्टीच्या पातीनं चादरी निघाल्या. जस्त खरवडून जाऊ नये म्हणून तिथं जाड पेपर लावला नाही, लाल स्कॉचब्राइटच्या घासणीनं नुसती चमक घालवली. साबण, जारचं पाणी, दोन फडक्यांनी डीग्रीझर. दारावरची पुट्टी सगळी काढली, पत्रा कोरडा घासला, तोच क्रम. पहाटे साडेसहाला शेडला हिरवी जाळी बांधून इपॉक्सीचे दोन पातळ हात दिले. पण सगळ्या गाडीवर मारायच्या आधी, आदल्या दिवशीच, हौद्याच्या आतल्या बाजूला हातभर जागेवर मारून रात्रभर ठेवला होता आणि चाचणी घेतली होती. २५ पैकी २५ जागेवर. त्या हातभर जागेसाठी एक दिवस गेला. मालक नाराज झाले, मी त्यांना ब्लेड हातात दिलं आणि म्हटलं, तुम्हीच काढून बघा. त्यांनी जोर लावून बघितलं आणि गप्प बसले.

इपॉक्सीवर पुट्टी भरली, कोरडी घासली, मग सरफेसर. इपॉक्सी आणि सरफेसर यांच्यात किती तास जाऊ द्यायचे ते डब्यावर लिहिलेलं असतं. तो वेळ उलटून गेला तर पुन्हा हलकं घासावं लागतं. फवाऱ्याच्या वेळी कार्ट्रिजवाला मास्क मी स्वतः लावला आणि पोरालाही लावायला लावला. टू-के हार्डनरमधलं आयसोसायनेट नाका-तोंडावर बांधलेल्या रुमालातून सरळ आत जातं आणि त्यातून कायमचा दमा जडू शकतो. आमच्या लाइनमध्ये रुमाल बांधून मारणारे अजून खूप आहेत, त्यांनी निदान हे तरी मनावर घ्यावं.

इपॉक्सीचे पैसे मालकांनी दिले, बाकी मजुरी आणि आधीचा वाया गेलेला माल मी सोसला. जस्ती पत्रा मला कुणी सांगितला नव्हता हे खरं, पण विचारायचं काम माझं होतं.

दिवाळीनंतर गाडी सर्व्हिसला जाताना मालकांनी मुद्दाम माझ्याकडे वळवली. फाळक्यावर कॅना आदळून रंग खरचटलेला होता, पण खरचटलेल्या जागेच्या कडा नखानं उचलत नव्हत्या. दार जसंच्या तसं. एकाच जागी रंगाची पट्टी सुटलेली : हौद्याची बाजू आणि तळ जिथं मिळतात त्या सांध्यावर, बोटभर रुंद. उकरून बघितलं तर खाली रबरासारखा पारदर्शक पदार्थ. बॉडीवाल्यानं सांध्यात खिडक्यांना लावतात तो सिलिकॉन भरला होता आणि आम्ही त्यावरून रंग ओढला होता. सिलिकॉनवर इपॉक्सीसुद्धा धरत नाही. ब्लेडनं सगळा सिलिकॉन कापून काढला, सांधा तीनदा डीग्रीझरनं पुसला, रंग घेणारा पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरला आणि ती बोटभर पट्टी पुन्हा इपॉक्सीपासून केली. आता गॅरेजात दोन बादल्या आहेत, एक घासायला आणि एक फक्त पुसायला, आणि कपाटात मोरचुदाची पुडी.